तळ्याकडची रेघ

शाळेच्या मैदानावर फक्की मारणाऱ्या माणसाला सगळे फक्कीकाका म्हणायचे. भुवयांपासून चपलांपर्यंत तो इतका पांढरा असायचा की एकदा भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी लागली, तर रंगारी त्याच्यावरूनही कुंचला फिरवून पुढे गेला, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही पत्ता नाही. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा. रंगाऱ्याला विचारलं तर रंगारी म्हणायचा, असेल बुवा, त्या दिवशी रंग जरा जास्तच लागला होता खरा.

बावीस वर्षं त्याने या मैदानावर रेघा मारल्या. धावपट्ट्यांच्या, फुटबॉलच्या, खो-खोच्या, आणि वर्षातून एकदा मैदानाच्या कुंपणापलीकडे झाडीतून, चढावरून, तळ्याच्या काठाने जाणारी क्रॉस कंट्रीची लांबलचक रेघ. या रेघांबद्दल तो काय काय सांगायचा! मोजणीवाले म्हणे आपली दुर्बीण त्याच्या रेघेला लावून नीट करून घेतात. मुंग्या त्याच्या रेघेवरून चालू लागल्या की पिढ्यान् पिढ्या वळत नाहीत. आणि एका वर्षी असं वादळ झालं की फुटबॉलच्या गोलाचे खांब उडाले, गवत उडालं, वरची वीतभर माती उडाली. सकाळी येऊन बघतो तर रेघ जागच्या जागी. जमीन खाली गेलेली आणि रेघ वर, हवेत, तरंगत.

"मग काय केलंत काका?" पोरी विचारायच्या.

"काय करणार? खालून माती भरून घेतली."

हसून हसून पोरींची पोटं दुखायची. त्याच्या थापांवर कोणाचा विश्वास नव्हता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण गोष्टीच्या शेवटी तो बोट वर करून एक वाक्य म्हणायचा, आणि ते म्हणताना मात्र तो हसत नसे. "माझ्या रेघेवर आजवर कोणी चुकलेलं नाही."

हे सगळं खरं मानणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची मुलगी. सहा वर्षांची असताना ती हवेतल्या रेघेची जागा शोधत गेली होती आणि पोटावर पडून रेघेखाली हात घालून बघत होती. आता ती पंधरा वर्षांची होती आणि हात घालून बघत नव्हती, पण आखणीच्या दोरीचं दुसरं टोक अजूनही तिच्याच हातात असायचं. बाप म्हणायचा, "ताण!" की ती ताणायची. तो म्हणायचा, "दुनिया इकडची तिकडे होऊ दे, रेघ सोडायची नाही." ती सोडायची नाही.

शाळेच्या क्रॉस कंट्री संघात त्या वर्षी आठ मुली होत्या आणि जागा सात. खेळाच्या सरांनी सुट्टीतच सांगून टाकलं होतं, "हंगामातली पहिली शर्यत आपल्याच मैदानावर आहे. तिच्यात आपल्यातल्या ज्या सात पुढे येतील, त्या वर्षभर धावतील. आठवी पाण्याच्या बाटल्या भरेल. रडारड चालणार नाही."

आठवी कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्कीकाकाची मुलगी सरावात कायम शेवटी असायची. बाकीच्या तिला 'शेपूट' म्हणायच्या. पण सुट्टीभर ती शाळेच्या चढावर अशी पळाली, अशी पळाली, की चढ म्हणे झिजून दोन बोटं खाली आला. (हे बापाचं माप.) आई घरी शिवणकाम करायची. ती म्हणायची, "अगं, बुटांचे तळ गेले, आता पायांचे जातील." शेवटच्या आठवड्यात शेपूट सातवीच्या पुढे निघाली. एकदाच, आणि तेही चार पावलांनी. त्या दिवशी ती घरी येऊन नुसती भिंतीला पाय लावून उताणी पडून राहिली आणि छताकडे बघून हसत राहिली. आईने शाळेच्या बनियनवर क्रमांकाचं कापड शिवलं, दुहेरी टाक्याने, वर्षभर टिकेल असं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बापलेक मार्ग आखायला गेले.

आता तळ्याची गोष्ट सांगायला हवी. गेल्या वर्षी तळ्याच्या बांधाचं काम चालू होतं, म्हणून मार्ग तळ्यापर्यंत न नेता अलीकडेच उजवीकडे झाडीत वळवला होता. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तेव्हा म्हणाल्या होत्या, "पाहुणे येणार आहेत, रेघ कशी लख्ख दिसली पाहिजे!" फक्कीकाकाने लख्ख म्हणजे किती लख्ख ते दाखवायचं ठरवलं आणि फक्कीत चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, कुटून घातली. रेघ खरंच लखलखली. चार दिवसांनी तिच्याखालचं गवत जळलं आणि वर्षभर परत उगवलं नाही. उजवीकडच्या वळणावर ती हातभर रुंद जळकी पट्टी अजून तशीच होती, आणि सराव करणाऱ्या पोरी वर्षभर तिच्यावरूनच पळत होत्या.

या वर्षी बांध झाला होता. मार्ग डावीकडे वळून, तळ्याला वळसा घालून, झाडीच्या पलीकडे जुन्या वाटेला मिळणार होता. सातशे मीटर जास्त. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं.

मुलीने दोरी डावीकडे ताणली आणि जळक्या पट्टीकडे बघून म्हणाली, "बाबा, ही जुनी फारच दिसतेय हो. माती टाकू का तिच्यावर?"

"अगं, ताजी रेघ असताना शिळीकडे कोण बघतंय?"

"पण घाईत असतात सगळ्या."

"आणि मी काय मेलोय का? उद्या इथे मीच उभा असणार. लाल निशाण घेऊन." त्याने डबा हलवला, फक्कीची धार सोडली, आणि तळ्याकडे अशी रेघ मारली की आयुष्यात तशी त्याच्या हातून उतरली नव्हती. काठावरच्या ओल्या मातीतही ती कुठे फुटली नाही. ती बघून मुलगी म्हणाली, "मस्त झाली." तिच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

दुसऱ्या दिवशी सहा शाळांच्या बेचाळीस मुली आल्या. साडेआठला शिट्टी वाजली. फक्कीकाका वळणावर निशाण घेऊन उभा होता. शिट्टी ऐकून त्याने हिशेब केला: पोरी इथे यायला अकरा मिनिटं. मैदानावरच्या चहाच्या टेबलापर्यंत तीन, परत तीन, मध्ये पाच. कपभर चहा आरामात होईल.

टेबलापाशी बाहेरगावच्या शाळांच्या बसचे तीन ड्रायव्हर उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, "ही एवढी लांब रेघ कोण मारतं हो?"

झालं. असा प्रश्न विचारणारा माणूस फक्कीकाकाला सहा महिन्यांतून एकदा भेटायचा. त्याने निशाण काखेत मारलं आणि वादळ सुरू केलं. गोलाचे खांब उडाले. गवत उडालं. ड्रायव्हर लोकांना गोष्ट ऐकायची सवय होती, ते मध्ये मध्ये "मग?" म्हणत होते, आणि "मग" म्हणणाऱ्यापुढून उठून जाणं हे फक्कीकाकाला या जन्मी जमलेलं नव्हतं. जमीन खाली गेली आणि रेघ हवेत तरंगू लागली, त्याच वेळी झाडीपलीकडून पायांचा आवाज आला होता. त्याला तो वादळाचाच वाटला.

टाळ्या ऐकून त्याने मान वळवली तेव्हा पहिली मुलगी झाडीतून बाहेर येऊन शेवटच्या सरळ पट्टीवर लागली होती. शाळेचीच कॅप्टन. तिच्यामागे आपलीच दुसरी, परक्यांच्या दोघी, मग आपलीच तिसरी.

"एवढ्यात?" फक्कीकाका म्हणाला, आणि काखेतलं निशाण त्याला बरगडीत टोचलं.

सर घड्याळाकडे बघून नाचत होते. अशी वेळ त्या मैदानाने पाहिलेली नव्हती. सर हिशेबाचे पक्के, एरवी सेकंदाच्या दहाव्या भागावरून पोरींशी हुज्जत घालणारे. पण आनंद असा डोळ्यांवर आला की मुली सातशे मीटर कुठे विसरून आल्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही. अकरा वर्षांनी शाळा पहिली येत होती. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. दोऱ्या बांधून केलेल्या गल्लीतून मुली एकामागून एक आत येत होत्या आणि पंच प्रत्येकीच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी देत होते. एकेचाळीस चिठ्ठ्या गेल्या. बेचाळिसावी पंचांच्या हातातच राहिली.

फक्कीकाका झाडीकडे बघत राहिला. तीन मिनिटं गेली. लोक पांगायला लागले. मग ती आली, एकटी, चेहरा लाल, केस तोंडावर चिकटलेले, घोट्यापर्यंत चिखल. शेवटच्या पट्टीवर कोणी नव्हतं तरी ती कोणीतरी मागे लागल्यासारखी पळाली.

"शेपूट आली गं!" कॅप्टन म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. त्यांच्या बुटांना धूळ होती. चिखल कुणाच्याच नव्हता.

पंच म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. खिशात नियमांचं पुस्तक, पुस्तकात कागदाच्या खुणा. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "काय गं, तू कुठे होतीस?"

"रेघेवर," ती धापा टाकत म्हणाली. "तळ्याला वळसा घालून आले. या सगळ्या उजवीकडे वळल्या. मी ओरडले, इकडे, इकडे, म्हणून. कोणी ऐकलंच नाही."

पंचांनी पुस्तक काढलं.

"नियम सोपा आहे," ते म्हणाले. "आखलेल्या मार्गाने जी आली नाही ती बाद. मग एक असो नाहीतर एकेचाळीस. रेघ तळ्याकडे असेल तर ही मुलगी पहिली आणि बाकी सगळ्या बाद. रेघ उजवीकडे असेल तर ही बाद. मार्ग कोणी आखला?"

सगळ्यांनी फक्कीकाकाकडे पाहिलं. सरांनी तर असं पाहिलं की एवढ्या प्रेमाने त्यांनी बायकोकडेही पाहिलं नसेल. सरांना मार्ग माहीत होता. फळ्यावर त्यांनीच काढला होता. पण ते मूग गिळून उभे राहिले.

"आपण वळणावर जाऊनच बघू ना," मोठ्या बाई लगबगीने म्हणाल्या. "पण आधी चहा घ्या. एवढ्या उन्हात किती वेळ उभे आहात!"

पंच चहाला गेले. आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा फक्कीकाकाला एक कप चहाएवढा वेळ मिळाला.

तो वळणावर पोचला तेव्हा त्याच्या एका हातात खराटा होता आणि दुसऱ्या हातात बादली. ती त्याने कधी उचलली हे त्याला आठवत नव्हतं. निदान पुढे त्याने स्वतःला तसं सांगितलं. रेघ समोर होती. लख्ख, न फुटलेली. आणि काठाच्या ओल्या मातीत, रेघेला अगदी लागून, एकाच माणसाची पावलं होती. एकही पाऊल रेघ सोडून पडलेलं नव्हतं.

उजवीकडे जळकी पट्टी एकेचाळीस जणींच्या बुटांनी तुडवली होती. तिच्यावर फक्की होती की नव्हती, हे आता कोणाला सांगता आलं नसतं.

बाप काही नोकरी जाईल म्हणून भ्याला नव्हता. बावीस वर्षांच्या माणसाला एका शर्यतीपायी कोण काढतंय? निशाणाबद्दल ओरडा बसला असता, चुनकळीबद्दल बसला असता, दोन दिवस मोठ्या बाई बोलल्या नसत्या. त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. रेघ डावीकडे होती असं म्हटलं, तर फक्कीकाकाच्या रेघेवर एकेचाळीस पोरी चुकल्या. उजवीकडे होती म्हटलं, तर एकच चुकली. तेवढी एक तर घरचीच. समजून घेईल. लहानपणापासून सगळं समजून घेत आली आहे. पुढच्या वर्षी सातात येईलच.

त्याने खराटा चालवला. तळ्याचं पाणी मारलं. वळणावरून दिसेल तेवढी रेघ दुधासारखी वाहून गेली. मग तो मातीतली पावलं पुसायला लागला. दहाबारा पुसली. बाकीची राहिली, कारण मागून माणसांचे आवाज आले.

पंच, सर आणि मुलगी. मुलगी दोघांच्या पुढे चालत होती, हात दाखवत, "इथून बघा, इथून वळते," असं म्हणत. मग ती थांबली.

"हां, काका," पंच म्हणाले, "रेघ कुठून होती?"

एरवी फक्कीकाकाला वेळ विचारली तरी उत्तर वादळापासून सुरू व्हायचं. आज तो म्हणाला, "उजवीकडून."

"नक्की?"

"नक्की."

"मग ही?"

"चुकली."

एवढंच. ना मुंग्या, ना दुर्बीण. आयुष्यभर त्याने मीठमसाला लावून सांगितलेलं कोणी खरं मानलं नाही, आणि ही एक कोरडी गोष्ट तिथल्या तिथे खरी ठरली. पंचांनी मान डोलावली. त्यांना जेवायला घरी जायचं होतं. ओल्या गवताकडे त्यांनी पाहिलं, पण ते तळ्याचा काठ म्हणूनच. सरांनी घसा खाकरला आणि झाडांच्या शेंड्यांमध्ये त्यांना काहीतरी फारच बघण्यासारखं सापडलं.

मुलगी बापाच्या चपलांकडे बघत होती. मग खराट्याकडे. मग ती वाकली, गवतावरून बोट फिरवलं, आणि पांढरं झालेलं बोट चड्डीला पुसलं.

"तुझं काही म्हणणं आहे का, बाळ?" पंचांनी विचारलं. माणूस तसा वाईट नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "बाबांच्या रेघेवर आजवर कोणी चुकलेलं नाही. मीच पहिली."

पंच हसले. त्यांना वाटलं, पोरगी मोठ्या मनाची आहे. त्यांनी यादीत तिच्या क्रमांकापुढे लिहिलं: मार्ग सोडल्याने बाद.

दुपारी संघाचा फोटो निघाला. मोठ्या बाईंनी फक्कीकाकालाही कडेला उभं केलं. "रेघ कशी झकास होती," म्हणाल्या. त्या फोटोत तो इतका पांढरा आला आहे की तिथे फोटो जळाल्यासारखा वाटतो.

घरी आई बनियनचं क्रमांकाचं कापड उसवत बसली होती. बनियन शाळेला परत द्यायचं होतं. दुहेरी टाका, सहज निघेना.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "रेघ कुठून होती?"

"अगं, झालं काय, की मी सकाळी…"

"गोष्ट नको. मी तिचे बूट धुतलेत. उजवीकडे चिखल कुठे आहे हो?"

तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ पाणीच पीत राहिला. मुलगी खाटेवर भिंतीला पाय लावून उताणी पडली होती, छताकडे बघत. "पुढच्या वर्षी," तो दारातून म्हणाला.

"हो बाबा," ती म्हणाली.

भांडली असती तर बरं झालं असतं. फेकाफेक केली असती, अबोला धरला असता, तर त्याने चार दिवसांत तिला हसवलं असतं. त्याच्याकडे त्यासाठी गोष्टी होत्या. पण ती पूर्वीसारखीच वागत होती. विचारलं तर बोलायची, वाढलं तर जेवायची. सरावाला मात्र तिने एक दिवसही दांडी मारली नाही. बाटल्या भरायची, क्रेट उचलायची, दमून आलेल्या कॅप्टनच्या हातात टॉवेल द्यायची. कॅप्टन तिच्या डोळ्यांत न बघता तो घ्यायची.

तीन आठवड्यांनी मैदानावर दुसरी शर्यत आली. आदल्या दिवशी दुपारी फक्कीकाका डबा आणि दोरी घेऊन निघाला. मुलगी नळावर बाटल्या भरत होती.

"चल," तो म्हणाला. "दोरी धर."

ती आली. दुसरं टोक हातात घेतलं आणि पन्नास पावलांवर जाऊन उभी राहिली. सरावासाठी जमलेल्या संघातल्या पोरी भोवती आल्या. "काका, वादळाची गोष्ट सांगा ना! नवीन पोरीने ऐकली नाहीये." सात जणींत मध्येच एकीचा पाय मुरगळला होता, म्हणून सरांनी खालच्या वर्गातली एक मुलगी घेतली होती. शेपटीचं नाव कोणी काढलंच नव्हतं. बाद झालेली ती बाद.

"सांगा ना काका!"

त्याने डबा खाली ठेवला. कंबरेवर हात ठेवले, नेहमीसारखे. "असं वादळ झालं," तो म्हणाला, "की गोलाचे खांब उडाले. गवत उडालं. वीतभर माती उडाली. सकाळी येऊन बघतो तर…"

दोरीच्या पलीकडच्या टोकाला ती उभी होती. गोष्ट ऐकत होती, सहा वर्षांची असताना ऐकायची तशी, डोळे न हलवता. फक्त दोरी ढिली पडली होती.

"तर काय काका?"

"तर काही नव्हतं," फक्कीकाका म्हणाला. "रेघही उडाली होती."

पोरी खदखदून हसल्या. हा शेवट नवीन होता आणि त्यांना तो जुन्यापेक्षा आवडला. "ताण," त्याने हाक मारली. पोरींच्या हसण्यात ती ऐकू गेली नसावी, कारण मुलीने खाली वाकून दोरीचं टोक एका खुंटीला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि ती नळावर वाहणाऱ्या बाटलीकडे निघून गेली.

खुंटीने दोरी छान धरली. रेघ सरळ आली.